एका ‘च’काराविषयीं

आमच्या परिचयांतील एक विद्यार्थिनी युरोपीय संगीत शिकते. तिच्या पाठ्यपुस्तिकेंत एक वाक्य ठळक अक्षरांत आहे : ‘डॉमिनंट सेव्हन्थ’ ही कॉर्ड षड्जाच्या कॉर्डवरच गेली पाहिजे. मुलीनें ती धैवताच्या कॉर्डवर नेली, तेव्हां शिक्षकांनीं तांबड्या शाईनें फुली मारली. ही फुली आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम पूर्वपक्षाचें बळ कबूल करूं. पंचम, निषाद, ऋषभ व मध्यम हे चार शुद्ध स्वर एकदम वाजविले म्हणजे ही कॉर्ड होते. पंचमापासून मोजतां मध्यम सातवा, म्हणून ‘सेव्हन्थ’ हें नांव. निषाद व मध्यम यांत सहा अर्धस्वरांचें अंतर असून तें कानास अस्वस्थ करतें. निषाद अर्धा स्वर चढून षड्जास मिळतो, मध्यम अर्धा स्वर उतरून गंधारास मिळतो, खालचा आधारस्वर पंचमावरून षड्जावर येतो, आणि मनास घरीं परतल्याचें समाधान होतें. येथवर पुस्तिका खरी आहे. आमचा वाद केवळ त्या ‘च’काराशीं आहे.

बीथोव्हेनची पहिली सिंफनी १८०० सालीं व्हिएन्ना येथें प्रथम वाजली. षड्जाच्या कॉर्डला कोमल निषाद जोडूनच तिचा आरंभ होतो. ही मध्यमाची डॉमिनंट सेव्हन्थ झाली, व ती मध्यमाच्या कॉर्डवर जाते. लागलीच षड्जाची खरी डॉमिनंट सेव्हन्थ येते. पण घराची वाट पाहणारा श्रोता पोंचतो धैवताच्या कॉर्डवर! आतां या कॉर्डमध्यें धैवताबरोबर षड्ज व गंधार हे दोन्ही स्वर आहेत. म्हणजे निषाद व मध्यम यांची सोय अबाधित राहते. फसवितो तो एकटा आधारस्वर. आमच्या विद्यार्थिनीनें याहून निराळें काय केलें होतें?

वाग्नेरच्या ‘ट्रिस्टान’चा प्रयोग १८६५ सालीं म्युनिक येथें झाला. त्याच्या पूर्वरंगाचें पहिलेंच वाक्य अशा कॉर्डवर येऊन थांबतें, आणि पुढें नुसती शांतता! अतृप्ति हाच तेथील रस. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनांत तर घरच्या कॉर्डलाच कोमल निषाद जोडलेला असतो. तेथें तो विसावा घेतो, आणि श्रोत्यांस त्यांत कांहीं उणें वाटत नाहीं.

कोणी विचारतील, मग नियमच नकोत काय? नियम अवश्य हवेत. घराची ओढ ज्यास ठाऊक नाहीं, त्यास बीथोव्हेननें दिलेली हुलकावणी कळणार कशी? परंतु कान कशाची अपेक्षा करतो एवढेंच नियम सांगतो. कलावंतानें ती अपेक्षा पुरविलीच पाहिजे, असें तो सांगत नाहीं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें; पण ज्ञानेश्वर त्याची वाट पाहत बसले नव्हते. प्रयोग आधीं, शास्त्र मागाहून, हा क्रम उलटा केला कीं शिक्षण संपतें व कवायत सुरू होते.

एका फुलीनें एवढें काय बिघडलें, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं त्या मुलीस विचारावें. आतां ती पेटीवर बोट ठेवण्यापूर्वीं पुस्तिका उघडते. पूर्वीं ती कान देत असे.