वंशवृक्षांतील दुहेरी रेघ

गेल्या महिन्यांत या सदरांत घरोघरच्या जुन्या दप्तरांविषयीं चार शब्द लिहिले होते. तो अंक हातीं पडतो न पडतो तोंच आमच्याच दप्तरांतील एक वही माझी नात मागावयास आली. ती अमरावतीच्या एका महाविद्यालयांत बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षांत शिकते. पेशीविज्ञान व आनुवंशिकी या विषयाच्या प्रात्यक्षिकासाठीं तिला स्वतःच्या कुटुंबाची वंशावळ काढून न्यावयाची होती. "आजोबा, पांच पिढ्यांचीं नांवें हवींत; आणि बायकांचींसुद्धां," ती म्हणाली. मागणीचा पहिला भाग ऐकून मला अभिमान वाटला. दुसरा ऐकून मात्र खजील झालों. पुरुषांचीं नांवें मला बारा पिढ्यांपर्यंत मुखोद्गत आहेत. परंतु माझ्या पणजीचें माहेर कोणत्या गांवचें, हें सांगतां आलें नाहीं. श्राद्धाच्या संकल्पांत तिघींचीं नांवें येतात; त्यापलीकडे आमच्या दप्तरानें स्त्रियांची दखल घेतलेली नाहीं.

वंशावळीच्या निमित्तानें मी तिचें पुस्तकही वाचूं लागलों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व पुढें जें कांहीं झालें तें संस्कृताचें. नात रोज दिवेलागणीनंतर त्या दिवसाचा पाठ मला सांगे आणि मी विद्यार्थ्याप्रमाणें शंका विचारीं. कांद्यास पाण्यावर ठेवून मुळें फोडावयाचीं, मुळाचें टोंक कापून त्यास रंग द्यावयाचा व कांचेच्या पट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें, म्हणजे दुभंगत असलेल्या पेशी दिसतात. त्यांत रंगलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखीं जीं दिसतात तीं गुणसूत्रें. कांद्याच्या पेशींत तीं 16 असतात. मनुष्याच्या पेशींत 46, म्हणजे 23 जोड्या. गंमत अशी कीं, 1956 सालीं ट्यो व लेव्हान या दोघां संशोधकांनीं नीट मोजून दाखवीपर्यंत सुमारें तीस वर्षें पुस्तकांतून मनुष्याचीं गुणसूत्रें 48 म्हणून छापलीं जात होतीं. मोजणी चुकली, ती कोणीतरी पुन्हा केली, आणि सर्वांनीं चूक कबूल केली. जन्मभर पाटीवरचीं उत्तरें तपासलेल्या माझ्यासारख्या मास्तरास या शास्त्राविषयीं आदर वाटण्यास एवढें पुरे झालें.

यांतील मुख्य गोष्ट अशी. देहाच्या साध्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, परंतु बीजपेशी तयार होतांना प्रत्येक जोडी फुटते व एकेकच गुणसूत्र पुढें जातें. म्हणून अपत्यास प्रत्येक जोडींतील एक आईकडून व एक बापाकडून मिळतें. त्यांवर जीं गुणांचीं बीजें असतात त्यांस जनुक म्हणतात. ब्रनो येथील मठांतील मेंडेल नांवाच्या पाद्र्यानें हा नियम गुणसूत्रें न पाहतांच, केवळ वाटाणे मोजून काढला. गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हां पहिली पिढी सारी गोल निघाली. सुरकुती नष्ट झाली असेंच कोणीही म्हटलें असतें. परंतु त्या गोल वाटाण्यांच्या पुढच्या पिढींत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले, म्हणजे तिनास एक या प्रमाणांत निघाले. सुरकुती गेली नव्हती. गोलपणाच्या आड लपली होती. त्याचा निबंध 1866 सालीं प्रसिद्ध झाला, आणि 1900 सालापर्यंत विद्वानांनीं त्याकडे पाहिलें नाहीं.

आम्हां वऱ्हाडांतील लोकांस हा नियम नवा वाटूं नये. सुरतेच्या संशोधन केंद्रांतून 1970 सालीं 'एच-4' हें संकरित कपाशीचें वाण निघाल्यापासून आपल्या शेतकऱ्यांस एक गोष्ट ठाऊक आहे: संकरित कपाशीचें घरचें बीं पुढच्या सालीं पेरलें तर झाडें एकसारखीं येत नाहींत; कोठें बुटकें, कोठें उशिराचें, कोठें बोंड लहान. आड लपलेले गुण दुसऱ्या पिढींत वेगवेगळे होऊन बाहेर येतात. बीं दरसाल विकत कां घ्यावें लागतें याचें उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांत आहे.

असो. वंशावळ काढावयास बसलों. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, विवाहास आडवी रेघ. माझ्या थोरल्या बहिणीपाशीं, आक्कापाशीं आलों तेव्हां नातीनें विचारलें, "आक्काआजींचे यजमान कोण?" मीं सांगितलें, "आमचा आतेभाऊ. घरचेंच स्थळ होतें." तिनें त्या दोघांमध्यें एक रेघ न काढतां दोन काढल्या. नात्यांतील विवाह असा दाखवितात म्हणे. मग आक्काचीं चार मुलें: मुलगी, मुलगा, मुलगी, मुलगा. दोन्ही मुलगे जन्मतः कर्णबधिर. नातीनें ते दोन चौकोन शाईनें भरले आणि पेन खालीं ठेवलें. माझ्याही लक्षांत आलें.

येथें थोडा पूर्वेतिहास सांगणें भाग आहे. दिनांक 16 फेब्रुवारी 1980 रोजीं सूर्यग्रहण झालें. कर्नाटकांत तें खग्रास होतें, वऱ्हाडांत खंडग्रास. आक्का तेव्हां गरोदर होती, आणि दुपारीं तिनें विळीवर भाजी चिरल्याचें कोणीतरी पाहिलें. पावसाळ्यांत मुलगा झाला. वर्षाच्या आंत कळलें कीं त्यास ऐकूं येत नाहीं. सारा दोष त्या विळीवर, म्हणजे आक्कावर आला. पुढें 1984 सालीं धाकटाही तसाच जन्मला. त्या खेपेस सांगण्यास ग्रहण नव्हतें, म्हणून पूर्वजन्म काढण्यांत आला. तोही आक्काचाच, तिच्या यजमानांचा नव्हे. बोलणाऱ्यांत आमची आई होती, आत्या होती, आणि उघड बोललों नाहीं तरी गप्प बसणाऱ्यांत मी होतों.

नातीनें हिशेब मांडून दाखविला तो असा. प्रत्येकाच्या अंगांत कांहीं सदोष जनुकें असतात. जोडीचें दुसरें चांगलें असल्यामुळें तीं आड लपून राहतात व माणूस निरोगी असतो. असें एखादें जनुक मेहुण्यांपाशीं होतें असें धरा. तें त्यांस आईकडून, म्हणजे आमच्या आत्याकडून आलें असण्याचा संभव निम्मा. तेंच आत्याच्या भावापाशीं, म्हणजे आमच्या वडिलांपाशीं असण्याचा त्याच्या निम्मा. आणि वडिलांकडून आक्कास मिळाल्याचा पुन्हा त्याच्या निम्मा. एकूण एक अष्टमांश. परक्या घरच्या मुलींत तेंच दुर्मिळ जनुक सांपडण्याचा संभव याच्या मानानें फार थोडा. पतिपत्नी दोघेंही वाहक असलीं कीं प्रत्येक अपत्याच्या वेळीं चारांत एक संभव असा कीं तें दोन्हींकडून येईल व दोष प्रकट होईल. चारांत एक म्हणजे चार मुलांत नेमका एकच असें नव्हे. कवड्या प्रत्येक खेपेस नव्यानें पडतात. आक्काच्या वाट्यास दोन आले. आणि दोष प्रकट होण्यास एक जनुक आईचें व एक बापाचें, दोन्ही लागतात. एकट्या आईचा तो कधींच नसतो.

हें निदान नव्हे. बहिरेपणास इतर कारणेंही असतात व खात्री रक्ताच्या तपासणीवांचून होत नाहीं, असें नातीच्या प्राध्यापकांनींही बजावलें. नात्यांतील विवाहांतूनही बहुतेक मुलें निरोगीच जन्मतात; परक्यांच्या विवाहांत शंभरीं सुमारें तीन बालकांत जन्मजात दोष आढळतो, तो सख्ख्या मामे-आते-भावंडांच्या विवाहांत सुमारें दुपटीस जातो, एवढेंच. तथापि विळीच्या पात्याहून हें कारण पुष्कळ अधिक संभवनीय आहे, याविषयीं माझ्या मनांत शंका उरली नाहीं.

त्या रात्रीं मीं माझीं पुस्तकें काढलीं. आमच्या घरीं आक्काच्या विवाहाच्या वेळीं गोत्र पाहिलें होतें, पत्रिका पाहिली होती, दोन्ही जुळलीं. परंतु गोत्र बापाच्या वाटेनें चालतें. दहा पिढ्यांपूर्वींच्या एका पूर्वजाचा माझ्यांतील वांटा हिशेबानें 1024 वा भाग. गोत्राबरोबर अखंड येतें तें पुरुषांतील 'वाय' नांवाचें एक गुणसूत्र, आणि तेंही मध्यें कोणी दत्तक आला नसेल तर. उलट मामाची मुलगी भिन्नगोत्री खरी, पण रक्तानें अष्टमांश आपलीच. याज्ञवल्क्य केवळ गोत्र सांगून थांबत नाहीं; आईकडून पांच व बापाकडून सात पिढ्या टाळाव्या असें सांगतो, आणि ज्या कुळांत संचारी रोग आहे तें श्रीमंत असलें तरी वर्ज्य करावें असेंही सांगतो. चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं त्यावर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें तर सपिंड शब्दांतील पिंड म्हणजे भाताचा गोळा न मानतां देह मानला: एकाच देहाचे अवयव ज्यांत उतरले ते सपिंड. बौधायनानें मामाची मुलगी करणें हा दक्षिणेकडील आचार म्हणून नोंदला आहे, आणि आम्हीं त्या आचाराचा आधार घेऊन स्मृतीचा नियम सोयीस्करपणें बाजूस ठेवला. कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. सगोत्र विवाहाची आडकाठी 1946 च्या कायद्यानें गेली; 1955 च्या हिंदु विवाह कायद्यानें सपिंडांची मर्यादा आईकडून तीन व बापाकडून पांच पिढ्या अशी ठेवली, मात्र रूढीस सवलत दिली.

यावरून "सारें आमच्या ग्रंथांत होतेंच" असा निष्कर्ष कोणी काढूं नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, दोष असलेल्या आईबापांचीं मुलें तशीच कां होत नाहींत, हा प्रश्न विचारला आहे, आणि बीजाचा जो भाग बिघडतो त्यापासून होणारा अवयवच बिघडतो असें उत्तर दिलें आहे. प्रश्न मार्मिक, उत्तरही दिशेनें योग्य. परंतु किती बिघडतो, केव्हां लपतो, केव्हां प्रकटतो, हें वाटाणे मोजल्याशिवाय कळलें नाहीं. पूर्वजांचा मान राखावा, आणि मोजणाऱ्यास त्याचें श्रेय द्यावें.

दुसऱ्या आठवड्यांत मी ती वंशावळ घेऊन बडनेऱ्याहून गाडीनें अकोल्यास गेलों. आक्का तेथें थोरल्या मुलाकडे असते. तो पुस्तकबांधणीचें काम करतो व त्याच्या हातची शिवण अकोल्यांत नांवाजलेली आहे. धाकटाही मिळवता आहे. दोघांच्या संसारांत कांहीं उणें नाहीं. उणें होतें तें आमच्या बोलण्यांत. मीं कागद उलगडून जमेल तसें समजावून सांगितलें. आक्कानें चष्मा लावून त्या दुहेरी रेघेवर बराच वेळ बोट ठेवलें. मग म्हणाली, "म्हणजे तें विळीमुळें नव्हतें." मीं म्हटलें, "नव्हतें." "आई असती तर तिला दाखवला असता," एवढेंच ती म्हणाली आणि चहा ठेवावयास आंत गेली. पंचेचाळीस वर्षांनीं सांगावयास आलेल्या भावास तिनें एका शब्दानें दूषण दिलें नाहीं. तें दूषण मीं माझें मला दिलें आहे.

जातां जातां वाचकांच्या उपयोगाचें थोडें सांगतों. आमच्या मेळघाटांत, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात. तोही असाच दोन्हींकडून आल्याशिवाय पूर्णपणें प्रकट होत नाहीं. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजीं मध्य प्रदेशांत सुरू झाली, आणि विवाहापूर्वीं दोघांनीं आपण वाहक आहों कीं नाहीं हें जाणून घ्यावें, असा तिचा एक उपदेश आहे. तो केवळ मेळघाटानें ऐकावयाचा नाहीं. थॅलेसीमियासारखे विकार शहरांतील सुशिक्षित घरांतही आहेत. पत्रिका पाहणाऱ्यांनीं ती खुशाल पाहावी. तिच्याबरोबर रक्ताचा कागदही पाहावा, आणि नात्यांतील स्थळ असेल तर जाणत्या डॉक्टरांचा सल्ला आधीं घ्यावा.

आमच्याही घरीं गेल्या दिवाळीपासून थोरल्या नातवासाठीं त्याच्या मामाच्या मुलीचें बोलणें चाललें होतें. मुलगी गुणी, सूनबाईंची भाची. म्हणून वंशावळीचा हिशेब घरांत मांडतांना मला संकोच वाटला, व सूनबाई दोन दिवस माझ्याशीं मोजकेंच बोलल्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच मुलास विचारलें. तो हंसूं लागला. "आई, ती मला लहानपणापासून राखी बांधते," तो म्हणाला; आणि अकोल्याहून मुलीचेंही तसेंच उत्तर आलें. गोत्र, पत्रिका, स्मृति, मेंडेल, सारें आम्हीं वडील माणसांनीं पाहिलें. ज्यांचें लग्न त्यांस विचारावयाचें तेवढें राहून गेलें होतें.

वंशावळीस नातीच्या प्राध्यापकांनीं चांगला शेरा दिला. मूळ कागद आतां आमच्या दप्तरांत ठेवला आहे, आणि माझ्या पणजीच्या वर्तुळापुढें तिच्या माहेरची जागा रिकामी सोडली आहे. शोध चालूं आहे.