नोटीस दिली होती, एवढं म्हणून भागत नाही

करोनाच्या काळात मुंबईत आणि भिवंडीत इमारती कोसळल्या, तेव्हा ढिगारा उपसून व्हायच्या आत एक युक्तिवाद तयार असे. नोटीस दिली होती, तरी रहिवाशांनी घरं सोडली नाहीत. तपासणीला माणसं पाठवली, तर साथीचं कारण सांगून दार उघडलं नाही. आता दोष कोणाला द्यायचा? मालक असं बोलत होते, काही अधिकारी बोलत होते, आणि ओनरशिपच्या फ्लॅटमध्ये राहणारे, एरवी विचारी असलेले लोकही बोलत होते. ऐकायला हे सरळ वाटतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: भाडेकरूला स्वतःच्या आणि बायकामुलांच्या जिवापेक्षा दहा बाय बाराची खोली प्यारी असते. माणसांविषयी असं गृहीत धरणं मला मान्य नाही. भाडेकरू तपासणीला घाबरतो त्याला कारणं आहेत. ती कायद्याच्या कलमांत सापडतात, शेजारच्या चाळीच्या अनुभवात सापडतात, आणि ती दूर करता येण्यासारखी आहेत.

आधी घटना पाहू. 16 जुलै 2020 रोजी भर पावसात फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा मोठा भाग कोसळला, दहा माणसं गेली. बरोबर वर्षापूर्वी, त्याच तारखेला, डोंगरीत केसरबाई इमारत पडली होती, आणि पडलेला भाग म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, अखत्यारीत की महापालिकेच्या, यावरच वाद झडला होता. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीतल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास चाळीस जीव गेले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. ते प्रकरण चालू असतानाच 9 जून 2021 च्या रात्री मालवणीत घर कोसळून बारा जण मेले. त्यांतली आठ मुलं होती.

साथ होती म्हणून तपासण्या नीट झाल्या नाहीत, हे यावरचं एक उत्तर. ते मी खोडून काढणार आहे. पण त्याआधी दारामागे उभ्या असलेल्या माणसाची भीती समजून घ्यायला हवी.

इमारतीची तपासणी म्हणजे वहीत टिपणं घेणारा एक माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्ट्रक्चरल ऑडिट होताना पाहिलेलं नाही. रिबाउंड हॅमरने खांब ठोकून पाहतात. अल्ट्रासोनिक यंत्राने काँक्रीटमधल्या पोकळ्या शोधतात. गिलावा फोडून सळईचा गंज पाहतात, कधी खांबातून काँक्रीटचा गाभाच कापून काढतात. म्हणजे तीन-चार माणसं, यंत्रं, धूळ, आणि हे सगळं एका खोलीत, जिथे दमेकरी सासू कॉटवर पडलेली आहे आणि पोरगी मोबाइलवर शाळेचा तास ऐकते आहे. आलेली माणसं सकाळपासून आणखी चार चाळी फिरून आलेली असणार. एक रुग्ण सापडला तर मजला, कधी अख्खी इमारत सील होत होती. रोजावर कमावणाऱ्याची मजुरी बंद. संडास सामायिक, जिना एकच. अशा घरातल्या बाईने दाराच्या फटीतून 'आत्ता नको' म्हटलं, तर त्याला अडवणूक म्हणायची? तिने तेच केलं, जे सरकार रोज टीव्हीवरून सांगत होतं.

पण म्हणून तपासणी अशक्य होती, हेही खरं नाही. 15 सप्टेंबर 2020 ला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. पथकं घरोघर गेली, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, घरात मधुमेह कोणाला आणि रक्तदाब कोणाला हे लिहून घेतलं. लोकांनी दारं उघडली. का उघडली? येणारा माणूस कोण आहे हे माहीत होतं, तो का आला आहे हे माहीत होतं, आणि त्याच्या नोंदीमुळे आपलं घर जाणार नाही याची खात्री होती. त्या मोहिमेला आठवडाही झाला नव्हता तेव्हा जिलानी इमारत पडली. राज्यातल्या घराघरात जाऊन छातीतला श्वास मोजायची यंत्रणा आपण महिन्याभरात उभी करू शकलो. त्याच घरांच्या भिंतींना गेलेल्या भेगा पाहणारा एक अभियंता त्या पथकांबरोबर जोडता आला असता. तो जोडला गेला नाही, याला साथ कशी जबाबदार?

दुसरी भीती पहिलीपेक्षा खोल आहे आणि ती साथीच्या कितीतरी आधीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 मध्ये मालकाला जागेचा ताबा कोणत्या कारणांनी मिळू शकतो ते दिलं आहे. महापालिकेने इमारत पाडण्याचा आदेश दिला असणं, हे त्यांतलं एक कारण. मुंबईत धोकादायक इमारतींची वर्गवारी होते: सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे माणसं आत असताना दुरुस्त करता येईल अशी, आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजीची. आता पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, घरात राहणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. हातोडीच्या चार ठोक्यांनंतर जो शेरा पडेल, त्यावर ठरणार की इथे दुरुस्ती होणार की आपण रस्त्यावर येणार. मालकाचा ऑडिटर सी-1 म्हणतो, रहिवाशांचा ऑडिटर सी-2बी म्हणतो, हे गिरगाव-परळमध्ये नवीन नाही. दोन अहवालांत तफावत पडली की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. ही सोय चांगली आहे. पण ती वापरायची तर भाडेकरूंना स्वतःचा ऑडिटर नेमावा लागतो, वर्गणी काढावी लागते, सभा घ्यावी लागते, वकिलाकडे जावं लागतं. 2020 मध्ये लोकल महिनोन्‌महिने सामान्य प्रवाशांसाठी बंद होती, पगार अर्धे झाले होते, माणसांनी एकत्र जमण्यावरही निर्बंध होते. अशा वेळी होणाऱ्या तपासणीत एकाच बाजूचा अहवाल टेबलावर येतो. भाडेकरूंनी 'आत्ता नको' म्हटलं त्यात ही जाण होती. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी कलम 16 वाचावं.

यावर कायद्याचे जाणकार सांगतात की इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही. बरोबर आहे. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये हे स्पष्ट केलं आहे, आणि तो वाद महाराष्ट्रातलाच होता. मला या निकालाचं मोल फार वाटतं. पण तो निकाल हातात घेऊन कुठे राहायचं? हक्क शाबूत असलेली कित्येक कुटुंबं म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत वीस-वीस, तीस-तीस वर्षं आहेत. तात्पुरती म्हणून गेलेल्यांची मुलं तिथेच मोठी झाली, तिथेच लग्नाची झाली. प्रत्येक जुन्या चाळीत असं एखादं कुटुंब कोणाच्या तरी ओळखीचं असतं, म्हणून न्यायालयाचा निकाल माहीत नसलेल्या माणसालाही संक्रमण शिबिर माहीत असतं.

आणि साथीत तर तोही आसरा नव्हता. इमारत रिकामी करायची वेळ आली की रहिवाशांना रातोरात महापालिकेच्या शाळेत हलवायची पद्धत आहे. 2020 मध्ये कित्येक शाळा विलगीकरण केंद्रं झाल्या होत्या. नातेवाईक दारात उभं करत नव्हते, सोसायट्या बाहेरच्या माणसाला गेटच्या आत घेत नव्हत्या. उच्च न्यायालयाने त्या काळात निष्कासनाच्या आणि पाडकामाच्या आदेशांना स्थगिती दिली, ती याच कारणाने: माणसांना घरात राहा म्हणायचं आणि घराबाहेर काढायचं, हे एकाच वेळी करता येत नाही. तरीही 'नोटीस दिली होती' हे वाक्य ऐकू येत राहिलं. घर सोडा असं सांगणाऱ्या कागदावर कुठे जा ते लिहिलेलं नसेल, तर त्या कागदाने सांगणाऱ्याची सुटका होते, राहणाऱ्याची होत नाही.

इथवर मी भाडेकरूंच्या बाजूने बोललो. आता त्यांच्यातल्याच काही पुढाऱ्यांशी मला भांडायचं आहे. साथ संपेपर्यंत एकही तपासणी नको, अशी भूमिका काही रहिवासी मंडळांनी घेतली होती. ती चुकीची होती. सळईचा गंज टाळेबंदीत थांबत नाही. उलट त्या वर्षी जून उजाडला तेव्हा मजूर गावी गेलेले, गच्चीवर ताडपत्री टाकायला माणूस नाही, गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर नाही. पाणी भिंतीत मुरतच होतं आणि सगळं कुटुंब चोवीस तास आत होतं. एरवी दुपारी इमारत पडली तर निम्मी माणसं कामावर असतात. त्या वर्षी कोणीच कामावर नव्हतं. तेव्हा साथीत तपासणी कमी नव्हे, जास्त हवी होती.

फोटो पाठवून, व्हिडिओ कॉलवर घर दाखवून भागेल, असंही सांगितलं गेलं. थोडंफार भागतं. कुठल्या इमारतीकडे आधी धावायचं हे फोटोवरून ठरवता येईल. पण पोकळ झालेला गिलावा फोटोत भरीव दिसतो. ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग साथीत तपासणी कशी व्हावी? माझं म्हणणं असं की तिचा क्रम बदलायला हवा होता. गच्ची, जिना, संडासांचा भाग, बाहेरच्या भिंती, तळमजल्याचे खांब हे सगळं कोणाच्याही खोलीत पाऊल न टाकता तपासता येतं, आणि जुन्या चाळींत पाण्याने खाल्लेले भाग बहुतेक हेच असतात. तिथे संशय आला तरच खोलीत जायचं, तेही ठरलेल्या खोलीत, दोनच माणसांनी, मुखपट्टी लावून, खिडकी उघडी ठेवून. घरात रुग्ण असेल तर चौदा दिवसांनंतरची तारीख जागेवर लिहून द्यायची. पूर्वसूचना हा तर भाडेकरूचा हक्कच आहे. मालकाने जागेची पाहणी योग्य वेळी आणि आधी कळवून करावी, असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 28 सांगतं. जो नियम मालकाला, तोच महापालिकेच्या आणि म्हाडाच्या माणसालाही असावा: येणाऱ्याचं नाव, खातं, फोन नंबर आदल्या दिवशी चाळीच्या फलकावर.

एवढ्याने पहिली भीती जाईल. दुसरी घालवायला जास्त धैर्य लागेल, कारण तिथे पैशाचे हितसंबंध आहेत. अहवालाची प्रत ज्या दिवशी मालकाला मिळते त्याच दिवशी प्रत्येक भाडेकरूला मिळाली पाहिजे, आणि मराठीत. इमारत सी-1 ठरली तर रिकामी करण्याआधी प्रत्येक खोलीचं चटईक्षेत्र मोजून, राहणाऱ्याचं नाव घालून, अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा दाखला त्याच्या हातात द्यायला हवा. घर सोडायच्या नोटिशीवरच पर्यायी जागेचा पत्ता हवा, शक्यतो त्याच वॉर्डातला, म्हणजे पोरांची शाळा आणि बाईची धुण्याभांड्याची कामं सुटणार नाहीत. आणि मालकाच्या ऑडिटरइतकाच भाडेकरूंच्या ऑडिटरचा खर्चही सार्वजनिक निधीतून व्हावा. दोन्ही अहवाल पुढे असल्याशिवाय समितीने सी-1 चा शेरा मारू नये, इमारत डोळ्यांदेखत खचत असेल तेवढाच अपवाद.

म्हाडा कायद्यातली 79-अ ची दुरुस्ती मी या दिशेचं पाऊल मानतो. मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला नाही तर संधी भाडेकरूंकडे जाते, त्यांनाही जमलं नाही तर म्हाडाकडे. विधिमंडळाने ती 2020 मध्ये केली, राष्ट्रपतींची संमती यायला 2022 अखेर उजाडली. मधले दोन पावसाळे लोकांनी टेकूंच्या भरवशावर काढले.

राहिला मालकांचा आक्षेप, आणि तो पोकळ नाही. गोठवलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, हे खरं आहे. काही शे रुपयांच्या भाड्यात शंभर वर्षांची इमारत उभी राहत नाही. पण मग हिशेब पुरा मांडावा. पागडी घेतली ती मालकाने. खोली एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होताना साधारण तिसरा हिस्सा घेतला जातो तोही मालकाकडून. दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, म्हणजे उपकरप्राप्त, इमारतींमध्ये त्या उपकराचा भार भाडेकरूच्या पावतीवर येतो. मालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय कलम 14 मध्ये आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. म्हणजे कमी भाड्यामुळे मालकाला दुरुस्ती जमत नाही, आणि त्याच कमी भाड्यामुळे भाडेकरूला ती वळती करून घेता येत नाही. ही कोंडी दोघांचीही आहे, आणि 1969 पासून ती सोडवण्यासाठीच उपकर गोळा होतो आहे. मुंबई शहरात अशा उपकरप्राप्त तेरा-चौदा हजार इमारती अजून उभ्या आहेत. त्यांतल्या प्रत्येकीची दर पावसाळ्याआधी, साथ असो वा नसो, बाहेरून आणि जिन्यातून पाहणी व्हावी, तिचा निकाल दारावर लावला जावा, आणि खर्च त्या उपकरातून व्हावा. भाडेकरूने दार उघडावं अशी अपेक्षा करण्याआधी हे काम म्हाडा आणि महापालिकेच्या वाट्याचं आहे.