खेत्रपाल सांगायचा तर पूर्ण सांगा

सावनेरसारख्या तालुक्याच्या गावात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावतात आणि दुपारी सामान्य ज्ञानाचं पुस्तक उघडून बसतात. त्या पुस्तकात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एका ओळीत आटोपतो: १९७१, परमवीरचक्र, मरणोत्तर. १६ डिसेंबरला फलकावर फोटो लागतो, घोषणा होतात आणि विषय मिटतो.

एवढ्यावर भागवणं बरोबर नाही. हा मुलगा मुळात आपल्या मातीशी जोडलेला. जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्यातला. लष्करी शिक्षण खडकवासल्याला, रेजिमेंट पूना हॉर्स. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं आणि युद्धाचे ढग जमले तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्याचा टँकचा कोर्स चालू होता. तो अर्धवट टाकून तो आघाडीवर गेला. जाताना गोल्फच्या काठ्याही घेतल्या होत्या, लाहोरला खेळायला म्हणून! एकविशीतला तो उत्साह सांगितल्याशिवाय पुढचं धैर्य कळत नाही.

बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ, १६ डिसेंबरला पाकिस्तानी टँक चालून आले. पूना हॉर्सच्या मोजक्या सेंच्युरियन टँकांनी ते अडवले. खेत्रपालच्या ‘फामागुस्ता’ टँकला आग लागली. टँक सोडण्याचा हुकूम वायरलेसवर आला. तोफ अजून चालते आहे, असं उत्तर देऊन तो लढत राहिला. पुढच्या गोळ्याने त्याचा बळी घेतला. त्याच टँकमधले सवार नंद सिंगही कामी आले. त्यांचं नाव त्या एका ओळीत कधीच मावत नाही, याची खंत वाटते.

आणि आपण गाळतो तो भाग २००१ मधला. अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ऐंशी ओलांडल्यावर आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ते ज्यांच्या घरी उतरले, त्या निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निघण्याच्या आदल्या रात्री त्यांना सांगितलं, की अरुणचा टँक माझ्या हातून उडाला. सांगताना त्यांच्या बोलण्यात अरुणच्या शौर्याबद्दल आदरच होता. म्हाताऱ्या बापाने ते ऐकून घेतलं. वैऱ्याने दिलेल्या या साक्षीने अरुण लहान होत नाही, मोठाच होतो. मग ती लपवायची कशाला?

‘फामागुस्ता’ आज अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे. सावनेरच्या शाळांनी येत्या विजय दिनाला घोषणांआधी अर्धा तास काढावा. गोल्फच्या काठ्या, नंद सिंग, लाहोरची ती रात्र, सगळं मुलांपुढे ठेवावं. उद्या यांतलीच काही कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये वर्दी चढवतील. आपण कोणत्या वाटेने निघालो आहोत, हे त्यांना आधी ठाऊक असायला हवं.