‘एका तरी निर्दोषाचं नाव सांगा’: फाशीवरचा थ्रिलर, टेक्सासमधली आग आणि नाशिकचे सहा जण

टीव्हीवर लाइव्ह चर्चा सुरू आहे. टेक्सासचे गव्हर्नर समोरच्या प्राध्यापकाला थेट आव्हान देतात: माझ्या कारकिर्दीत या राज्याने मृत्युदंड दिलेल्या एका तरी निर्दोष माणसाचं नाव सांगा. एरवी कुणालाही शब्दांत न सापडणारा प्राध्यापक गप्प होतो. त्याच्याकडे नाव नसतं.

हा प्रसंग 2003 मध्ये आलेल्या ‘द लाइफ ऑफ डेव्हिड गेल’ या चित्रपटातला. दिग्दर्शक ॲलन पार्कर, मुख्य भूमिकेत केविन स्पेसी. मृत्युदंडाच्या विरोधात लढणारा हा गेल पुढे स्वतःच एका सहकारी महिलेच्या खुनात दोषी ठरतो. शिक्षेला मोजके दिवस उरले असताना पत्रकार बिट्सी ब्लूम (केट विन्सलेट) त्याला तुरुंगात भेटते आणि पुराव्याच्या मागे धाव सुरू होते.

समीक्षकांनी चित्रपटाला झोडपलं. पण गव्हर्नरांचा तो प्रश्न मात्र अजून जिवंत आहे.

वर्षभरात समोर आलेलं नाव

चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला फेब्रुवारी 2003 मध्ये. त्यानंतर वर्षभराच्या आतच, 17 फेब्रुवारी 2004 रोजी टेक्सासने कॅमरून टॉड विलिंगहॅम याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला.

आरोप होता की डिसेंबर 1991 मध्ये त्याने स्वतःच्या घराला आग लावली. त्या आगीत त्याच्या तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे जळाल्याचे डाग आणि तडकलेल्या काचा पाहून तपास अधिकाऱ्यांनी ‘ज्वलनशील द्रव ओतला होता’ असा निष्कर्ष काढला. जोडीला तुरुंगातल्या एका कैद्याची साक्ष होती, जी त्याने पुढे फिरवली.

शिक्षेच्या काही दिवस आधी एका अग्नितज्ज्ञाने कळवलं की या खुणा साध्या अपघाती आगीतही दिसू शकतात. हा अहवाल गव्हर्नरांच्या कार्यालयापर्यंत पोहोचला. शिक्षा मात्र थांबली नाही. पुढे इतर तज्ज्ञांनीही जाळपोळीच्या त्या पुराव्याला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं. तरीही विलिंगहॅमला मरणोत्तर माफी मिळालेली नाही. कागदोपत्री तो आजही दोषीच आहे.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

होता होता राहिलंय, आणि तेही महाराष्ट्रात.

जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाले. भटक्या जमातींमधल्या सहा जणांना अटक झाली. पुढे काय झालं?

• 2006: नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली.
• 2007: मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली.
• 2009: सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा पुन्हा फाशीवर नेली.
• 2018: सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन नव्याने सुनावणी ठेवली.
• 5 मार्च 2019: सहाही जण निर्दोष सुटले.

त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झालं होतं.

नेमकं चुकलं काय? घटनेतून वाचलेल्या महिलेने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांवर कारवाई झालीच नाही. ही गोष्ट शोधायला कुठलीही गुप्त व्हिडिओ टेप लागली नाही. ती केसच्या कागदांतच होती.

थ्रिलर आणि वास्तव इथे वेगळे होतात. पडद्यावर मोठं कारस्थान असतं. प्रत्यक्षात सदोष ओळखपरेड, घाईचा तपास, वकील परवडत नसलेला आरोपी आणि कुणी नीट न वाचलेला कागद, एवढंही पुरतं.

पीडितांना काय मिळालं?

‘निर्दोष सुटले’ म्हटलं की सोशल मीडियावर पहिला प्रश्न येतो: मग पीडितांच्या न्यायाचं काय? प्रश्न रास्त आहे. पण चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो. नाशिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फोटोंतून ओळखलेल्या चौघांबाबत पुढील तपासाचे आदेश दिले, पण तोवर जवळपास 16 वर्षं उलटली होती.

सुटलेल्या सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचे आदेश राज्य सरकारला झाले. तेही न्यायालयाने ठरवलं म्हणून. अशा भरपाईसाठी कायदेशीर चौकट हवी, अशी शिफारस विधी आयोगाने 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात केली होती.

आणि हा विषय जुना झालेला नाही. 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात 2015 मध्ये पाच जणांना फाशी झाली होती. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने सर्व 12 आरोपींना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असा अंतरिम आदेश तिथे झाला.

मग गव्हर्नरांच्या प्रश्नाचं उत्तर काय?

समजा, 2009 च्या निकालानंतर नाशिकच्या सहा जणांना फाशी झाली असती. तर 2018 ची सुनावणी झाली नसती आणि अल्बममधले ते चार फोटो फाइलमध्येच राहिले असते. ‘एक तरी नाव सांगा’ असं कुणी विचारलं असतं, तर या सहा जणांची नावंही कुणाला सांगता आली नसती.

फाशीनंतर फाइल बंद होते, वकील पुढच्या केसकडे वळतात, पुरावे शोधणारं कुणी उरत नाही. त्यामुळे नाव सापडत नाही म्हणजे चूक झालीच नाही, असं म्हणता येत नाही. जन्मठेपेच्या कैद्याची चूक उशिरा का होईना, सुधारता येते. नाशिकचे सहा जण घरी परतले, कारण चूक लक्षात आली तेव्हा ते जिवंत होते.