आरोग्यधन : प्रतिपिंडांविना वाढणारे बालक

नवजात बालक रिकाम्या हाताने या जगात येत नाही. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतात. परंतु हे मातेने दिलेले भांडवल आहे. ते दिवसेंदिवस घटत जाते. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बालकाने स्वतःची प्रतिपिंडे निर्माण करण्यास प्रारंभ करावा, अशी निसर्गाची योजना असते. काही थोड्या बालकांत मात्र भांडवल संपते आणि नवी कमाई सुरूच होत नाही.

प्रतिपिंडे निर्माण करणे हे बी-पेशींचे कार्य. या पेशी अस्थिमज्जेत जन्म घेतात, टप्प्याटप्प्याने परिपक्व होतात आणि मग रक्तात व लसिका ग्रंथींत जातात. जंतूची ओळख पटताच त्यांचे रूपांतर प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींत होते. या वाटचालीसाठी बीटीके नावाच्या प्रथिनाची आवश्यकता असते. ते घडविणारे जनुक सदोष असल्यास बी-पेशींची वाढ अस्थिमज्जेतच अडते. रक्तात बी-पेशी जवळजवळ सापडत नाहीत, टॉन्सिलही अगदी लहान राहतात आणि लस टोचूनही प्रतिपिंडे तयार होत नाहीत. या व्याधीस एक्स-संलग्न अगॅमाग्लोब्युलिनेमिया असे म्हणतात.

या व्याधीचा उलगडा 1952 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी केला. वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील आठ वर्षांच्या एका मुलास रक्तातील गंभीर जंतुसंसर्ग वारंवार होत असे. त्याच्या रक्तातील प्रथिनांचे पृथक्करण केले असता गॅमा ग्लोब्युलिन हा अंश आढळलाच नाही. ब्रुटन यांनी तो अंश बाहेरून टोचून देण्यास आरंभ केला आणि मुलाची प्रकृती सुधारली. सदोष जनुकाचा शोध पुढे 1993 साली लागला.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीस दोन एक्स गुणसूत्रे असल्याने एक सदोष असले तरी ती निरोगी राहते. मुलास एकच असल्याने त्याला व्याधी जडते. वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास व्याधी होण्याची आणि प्रत्येक कन्या वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. कित्येक कुटुंबांत तर दोष प्रथमच उद्भवलेला असतो. त्यामुळे सुनेस किंवा तिच्या माहेरास बोल लावणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे. मात्र आजोळी एखादा मामा बालपणीच न्यूमोनियाने दगावला होता काय, हे आजीस विचारून वैद्यांना अवश्य सांगावे.

सहा महिन्यांनंतर मुलाचा कान वारंवार वाहणे, पुनःपुन्हा न्यूमोनिया होणे, प्रतिजैविक थांबताच ताप परतणे, वजन न वाढणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी दर खेपेस नवा डॉक्टर गाठण्याऐवजी सर्व कागदपत्रे एकत्र ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे इम्युनोग्लोब्युलिनच्या तपासणीविषयी विचारणा करावी. विडालसारख्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या अशा बालकात संसर्ग असूनही नकारात्मक येऊ शकतात. पुढील तपासण्यांत बी-पेशींची मोजणी व जनुकीय चाचणी येते. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी ही संस्था या विषयात कार्य करते. निदान झालेल्या बालकास तोंडावाटे दिला जाणारा पोलिओचा डोस देऊ नये, कारण त्यात जिवंत विषाणू असतो. घरातील इतर मुलांच्या लसीकरणाबाबतही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उपचार आजन्म चालतो. तीन ते चार आठवड्यांनी शिरेतून किंवा बहुधा दर आठवड्यास त्वचेखाली इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. वजनागणिक मात्रा वाढते, म्हणून खर्चही वाढतो. परंतु उपचार वेळेवर सुरू होऊन नियमित राहिल्यास मुलगा शाळेत जातो, दुकानात बसतो, संसार करतो. विलंब झाला तर फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही.

हे औषध सहस्रावधी मनुष्यांनी दिलेल्या प्लाझ्मापासून तयार होते. महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरतात. तेथील रक्तातून वेगळा काढलेला अतिरिक्त प्लाझ्माही अशा औषधांच्या निर्मितीस उपयोगी पडू शकतो. औषधदान व अभयदान यांचा येथे सहज संगम होतो.

मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने भावाची व्याधी लपविली जाते. त्या मौनाचे मोल पुढच्या पिढीतील एखादे बालक चुकवते. बहिणीची वाहक-तपासणी वेळीच झाली, तर तिच्या पुत्राचे रक्त जन्मतःच तपासता येते आणि पहिला न्यूमोनिया होण्यापूर्वीच उपचार सुरू होऊ शकतात. असाता वेदनीय कर्माचा उदय मानून मनास समता अवश्य लाभावी. परंतु त्या विचाराने पुरुषार्थ सोडण्यास कधीही सांगितलेले नाही. सत्य सांगणे हाही या ठिकाणी अहिंसेचाच एक प्रकार आहे.