नुसत्या रुंदीने काय होणार?



माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये शेवरलेचे व्ही-८ इंजिन बसवणाऱ्या अमेरिकी हौशींना आपल्या पत्रलेखकाने ‘मावतील तेवढे रुंद टायर घाला’ असे सुचवले आहे. मूळच्या ११६ अश्वशक्तीच्या जागी एलएस३ या व्ही-८ ची ४३० आल्यावर १८५ मिलिमीटरचे टायर पुरणार नाहीत, हे खरेच. पण रबराचे काय? ट्रेडवेअर (झिजेला टिकण्याचा आकडा) २०० चे मऊ रबर कोरड्या रस्त्याला छान धरते; मात्र तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाचे २०० दुसऱ्याच्या २०० सारखे असतीलच असे नाही. शिवाय, उथळ खाचांचा रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी रबर कडक पडते. मिशिगनमधल्या नोव्हेंबरच्या थंड सकाळी ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की गाडी गर्रकन फिरलीच! रोज चालवायची असेल, तर ट्रेडवेअर ३०० च्या आसपासचा टायर घ्यावा.

– एक वाचक, पुणे