ज्वर उतरला, बल परतले का?

गेल्या दोन दशकांत आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. पहाटे पाचला उठून आठ-दहा किलोमीटर धावणारे बँक अधिकारी, शिक्षिका, व्यापारी, अभियंते यांचा हा वर्ग. पुण्यात मॅरेथॉनची परंपरा १९८३ पासूनची आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन होऊ लागली. यांत भाग घेणारे बहुसंख्य लोक व्यावसायिक खेळाडू नाहीत. पंधरा-सोळा आठवड्यांचे सरावाचे वेळापत्रक ते भिंतीवर लावतात आणि ते श्रद्धेने पाळतात. त्या वेळापत्रकात सगळे असते. ताप आल्यास काय करावे, एवढेच बहुधा नसते.

असा धावक तीन दिवसांच्या तापानंतर आपल्यासमोर बसतो, तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, ताप गेला. रविवारी सोळा किलोमीटर आहेत. धावू का?”

या प्रश्नाला आपल्याकडून साधारणतः दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले, “चार दिवस विश्रांती घ्या.” दुसरे, “इतके धावायचेच कशाला? हा अतिव्यायाम आहे.” पहिल्या उत्तरात पाचव्या दिवशी काय करावे, हे नसते, म्हणून पाचव्या दिवशी तो चुकलेले किलोमीटरही भरून काढू पाहतो. दुसरे उत्तर ऐकून तो पुन्हा आपल्याकडे येतच नाही. माझे स्पष्ट मत असे की, ज्वरानंतर पुन्हा धावू लागण्याचा क्रम हा चिकित्सेचाच अविभाज्य भाग आहे. पथ्यापथ्याप्रमाणे तोही वैद्याने स्वहस्ते लिहून द्यावयास हवा. त्यासाठी लागणारे शास्त्र आपल्याजवळ आहे, फक्त ते या रुग्णापुढे मांडले जात नाही.

तापमापक काय सांगतो?

ज्वरमुक्त मनुष्याचे वर्णन करताना चरकाचार्यांनी केवळ संताप नाहीसा होणे पुरेसे मानलेले नाही. क्लम गेलेला असावा, वेदना नसावी, इंद्रिये निर्मल असावीत आणि मन स्वाभाविक अवस्थेत आलेले असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. तापमापक यांपैकी एकाच गोष्टीचे मापन करतो. पॅरासिटामॉल घेतलेल्या रुग्णात तर तो तेवढेही विश्वासाने सांगत नाही.

त्याच ज्वरचिकित्सेत, बल येईपर्यंत ज्वरमुक्ताने व्यायाम, मैथुन, स्नान व फिरणे वर्ज्य करावे असे सांगून, हा नियम मोडल्यास ज्वर उलटतो, असा पुनरावर्तक ज्वराचा इशाराही दिलेला आहे. येथे मर्यादा दिवसांची नसून बलाची आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणूनच “चार दिवस” हे उत्तर शास्त्राला धरून नाही. एखाद्याला दोन दिवस पुरतील, एखाद्याला पंधरा लागतील.

मग बल कसे ओळखावे? दशविध परीक्षेत आहारशक्ती आणि व्यायामशक्ती या दोन परीक्षा आहेत. धावकाला या दोन्ही सहज समजावून देता येतात. खरी भूक लागते का, खाल्लेले वेळेत पचते का, मलप्रवृत्ती पूर्ववत झाली का, ही झाली आहारशक्ती. जिना चढताना धाप लागते का, सकाळी अंथरुणातून उठताना अंग जड वाटते का, ही व्यायामशक्तीची पहिली पायरी. त्यास नाडीची जोड द्यावी. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडीची गती मिनिटाला सुमारे १० ठोक्यांनी वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ताप उतरल्यावरही सकाळची विश्रांत नाडी काही दिवस चढी राहू शकते. बहुतेक धावक मनगटावरील घड्याळात ही नोंद ठेवतात. ती नोंद त्यांना घेऊन यायला सांगावी. नेहमीच्या नाडीपेक्षा पाच-सात ठोके अधिक असतील तोवर धावणे नाही, असा साधा नियम त्यांना पटतो, कारण तो त्यांच्याच आकड्यांतून आलेला असतो.

प्रत्येक आजार सारखा नाही

ज्वर, अंगमर्द वा छातीतील कास नसलेला, केवळ नाक वाहणारा प्रतिश्याय असेल, तर अर्धशक्तीने हळू धावण्यास हरकत नसावी. दहा मिनिटांत बरे न वाटल्यास मात्र परत फिरावे. ज्वर, अंगमर्द वा सकफ कास असेल, तर संपूर्ण मनाई. अतिसारानंतर भूक, मूत्राचे प्रमाण व वर्ण पूर्ववत झाल्याशिवाय उन्हात धावू देऊ नये. शरीरातील जलांश कमी असताना उष्माघाताचा धोका वाढतो.

डेंगूला तर “अल्पकालीन आजार” समजूच नये. त्यात ताप उतरण्याचा काळ, म्हणजे साधारणतः तिसरा ते सातवा दिवस, हाच सर्वाधिक धोक्याचा असतो. बरे वाटू लागलेला धावक नेमका त्या दिवशी बूट घालतो. बिंबाणू व हिमॅटोक्रिट पूर्ववत झाल्याची तपासणी हाती आल्याविना त्यास चालण्यापलीकडे परवानगी देऊ नये. विषाणुजन्य तापानंतर छातीत दुखणे, धडधड, भोवळ किंवा अल्प श्रमाने धाप ही लक्षणे दिसली, तर हृदयाच्या स्नायूच्या शोथाची शंका घेऊन रुग्णास तत्काळ हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. हा शोथ निश्चित झाल्यास आधुनिक वैद्यक तीन ते सहा महिने स्पर्धात्मक व्यायाम बंद ठेवते. येथे आपला अभिनिवेश आड येता कामा नये.

पादांशिक क्रम : एक उदाहरण

अपथ्य सोडताना व पथ्य अंगीकारताना चतुर्थांशाने पुढे जावे, असा पादांशिक क्रम चरकाने सूत्रस्थानात सांगितला आहे. शोधनानंतरच्या संसर्जन क्रमात पेया, विलेपी, यूष, मांसरस अशा पायऱ्यांनी अग्नी वाढविला जातो. इवल्या अग्नीवर आधी गवत आणि शेणी, मग मोठे इंधन, हा त्यामागील दृष्टान्त आपण सर्वांनी अभ्यासला आहे. या दोन क्रमांचा धावण्यासाठी उपयोग करणे हा माझा विस्तार आहे. व्यवहारात तो उपयुक्त ठरतो, असा अनुभव आहे.

समजा, रोज ८ व रविवारी १६ किलोमीटर धावणाऱ्या निरोगी मध्यमवयीन धावकास तीन दिवस साधा ज्वर आला. त्यास पुढीलप्रमाणे लिहून द्यावे :

१) औषधाविना ताप उतरल्यावर जितके दिवस ताप होता तितके, म्हणजे तीन दिवस, धावणे नाही. आहार पेया, मुगाचा यूष, मऊ भात.

२) चौथ्या व पाचव्या दिवशी २ किलोमीटर, बहुतांशी चालणे. सहावा दिवस विश्रांतीचा.

३) सातव्या व आठव्या दिवशी ४ किलोमीटर, सोबत्याशी सहज बोलता येईल इतक्याच गतीने. नववा दिवस विश्रांतीचा.

४) दहाव्या व अकराव्या दिवशी ६ किलोमीटर, बारावा दिवस विश्रांतीचा, तेराव्या दिवशी ८ किलोमीटर.

५) त्यानंतरच्या रविवारी १०, पुढच्या रविवारी १३ आणि त्यापुढच्या रविवारी १६ किलोमीटर. ८ किलोमीटर आठवडाभर निर्वेध जमल्यावरच घाट व वेगाचा सराव.

प्रत्येक पायरीवर कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर घाम येणे आणि तोंड कोरडे पडणे ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. दुसऱ्या सकाळी नाडी चढी असेल, भूक मंदावली असेल किंवा झोप बिघडली असेल, तर एक पायरी मागे यावे. चुकलेले किलोमीटर कधीही भरून काढू नयेत. शर्यत दोन आठवड्यांवर आली असेल, तर ती सोडावी किंवा लहान अंतराची निवडावी, हेही वैद्यानेच स्पष्ट सांगावे.

यावर धावकाची भीती एकच असते : “महिन्यांची मेहनत वाया जाईल.” ही भीती निराधार आहे, हे त्यास आकड्यानिशी सांगता येते. कॉइल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात प्रशिक्षित व्यक्तींचा व्यायाम पूर्णतः थांबविला होता. एकवीस दिवसांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घटली. वरील क्रमात तर चौथ्या दिवसापासून हालचाल सुरूच आहे. उलटलेला ज्वर मात्र संपूर्ण हंगाम घेऊन जातो.

ऋतूचाही विचार व्हावा

साताऱ्याच्या स्पर्धेचा सराव ऐन पावसाळ्यात होतो. वर्षा ऋतूत अग्नी मंद व बल अल्प असते आणि वाग्भटाने त्या ऋतुचर्येत आयास वर्ज्य सांगितला आहे. विषाणुजन्य तापाचा व डेंगूचा काळही तोच. याउलट मुंबईची स्पर्धा जानेवारीत, बलवान ऋतूत येते. म्हणून पावसाळ्यातील वेळापत्रकात प्रारंभीच दोन आठवडे मोकळे ठेवावेत, असा सल्ला आपण निरोगी धावकासही देऊ शकतो.

औषधालयांची जबाबदारी

आपल्या औषधालयचालक बंधूंनाही दोन शब्द. ताप उतरलेल्या गिऱ्हाइकाने “ताकद येण्यासाठी काहीतरी” मागितले की च्यवनप्राश, अश्वगंधा वा प्रथिनचूर्ण पुढे करण्याचा मोह होतो. अग्नी दीप्त होण्याआधी दिलेले गुरू द्रव्य आमच वाढवील. रसायनाची वेळ यूषानंतर येते. पूर्ण बरे वाटण्याआधीच धावता यावे म्हणून डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन मागणाऱ्यास तर नकारच द्यावा. डेंगूची शंका असताना ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवितात.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ज्वरोत्तर अग्निमांद्यात अग्नितुंडी वटी सर्रास दिली जाते. तिच्यातील कुपिलूत स्ट्रिक्निन असते आणि ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला धावताना स्ट्रिक्निन देण्यात आले होते, हा इतिहास प्रसिद्धच आहे. सोमकल्पातील इफेड्रिनही स्पर्धाकाळात ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे. हौशी धावकाची तपासणी क्वचितच होते. परंतु जिल्हा वा राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलाची कारकीर्द आपल्या एका पुडीने धोक्यात येऊ शकते. म्हणून औषध देण्यापूर्वी “आपण स्पर्धेत उतरता का?” हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटी

बेचाळीस किलोमीटरची शर्यत अर्धशक्तीच्या मर्यादेत बसते, असा माझा दावा नाही. शर्यतीचा दिवस ती मर्यादा ओलांडणारच, हे धावकास प्रामाणिकपणे सांगावे. पण नियमित, क्रमवार सरावाने बल वाढते आणि बलाबरोबर त्याचे अर्धही वाढते, हेही तितकेच खरे. स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानास शास्त्राने व्यायामाची मुभा दिली आहे. आजारी पडलेल्या बलवानाचे बल परत मोजणे आणि त्यास पायरीपायरीने मार्गावर आणणे, हे काम आपले आहे. आपण ते टाळले, तर भिंतीवरचे वेळापत्रक ते करील; आणि त्या कागदाला नाडी पाहता येत नाही. तेव्हा पुढील धावक रुग्णाच्या चिठ्ठीवर औषधांखाली चार ओळींची जागा मोकळी सोडावी व तीत हा क्रम लिहावा, एवढीच वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती.